इंजिन चालू आहे हे सांगणारी वायर

सकाळपासून त्या गाडीनं मला वात आणला होता. दुसऱ्या कुणाची असती तर चावी त्याच्या हातात ठेवून 'उद्या या' म्हणाले असते आणि हात धुऊन जेवायला गेले असते. पण गाडी बाबांची होती. दुपारी तीच गाडी आईला दवाखान्यात घेऊन जाणार होती, आणि संध्याकाळी दादाचा फोन येणार होता. त्या फोनवर मी काय सांगते, त्यावर आई या घरात राहणार की दादाकडे जाणार हे ठरायचं होतं.

मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करते. शहराच्या दुसऱ्या टोकाला माझं छोटं गॅरेज आहे. घरात मला ठिणगी म्हणतात, आणि ते नाव वायरिंगमुळे पडलेलं नाही. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरायच्या कितीतरी आधीपासून ते नाव आहे.

तर आईची छाती. थंड हवा लागली की तिला धाप लागते. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, घराबाहेर पडायचं तर थेट गरम गाडीत बसायचं. म्हणून बाबा आधी खाली जाऊन गाडी गरम करत बसायचे आणि तोवर ती वर एकटी असायची. एकदा नेमकं तेवढ्यात व्हायचं ते झालं. बाबा खाली काचेवरचं बर्फ खरवडत होते आणि ही वर भिंतीला धरून उभी, तोंडातून शब्द फुटत नाही. शेजारणीचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. हे दादाच्या कानावर गेलं आणि त्यानं फर्मान काढलं.

दादाचं घर दुसऱ्या शहरात, एका मोठ्या हॉस्पिटलच्या अगदी समोर. "आईला मी घेऊन जातो," तो म्हणाला. "बाबा, तुम्हीही चला." बाबा म्हणाले, "मी माझ्या घरातून हलणार नाही. मुलाच्या घरी पाहुण्यासारखा चहाची वाट बघत बसणार नाही." हे झालं आईच्या समोर. ती एकदा याच्या तोंडाकडे बघे, एकदा त्यांच्या. तिला कुणी विचारलंच नाही. इतकी वर्षं ज्या दोघांनी एकमेकांशिवाय साधी भाजी आणली नाही, त्यांची अशी वाटणी चाललेली बघून माझं डोकं फिरलं आणि मी मध्ये पडले.

मी म्हटलं, रिमोट स्टार्टर बसवते. वरच्या खिडकीतून बटण दाबायचं, गाडी खाली आपली आपण सुरू होते आणि गरम होते. बाबांनी आईजवळच थांबायचं. "ठीक आहे," दादा म्हणाला. "गाडी दारात गरम उभी राहिली पाहिजे, आणि चालवणारा घरात असला पाहिजे. दोन्ही असेल तर आई राहू दे तिथे. नसेल तर मी रविवारी न्यायला येतो." दादाचं हे असंच असतं. बोलतो बरोबर, म्हणून आणखी राग येतो.

इमारतीच्या मागच्या अंगणात मी हत्यारं मांडली. काम तसं रोजच्यातलं होतं. एक काळं खोकं डॅशबोर्डखाली बसवायचं आणि गाडीच्या वायरी त्याला जोडायच्या. त्यात एकच गोष्ट जरा नाजूक असते. आपण चावी फिरवतो तेव्हा इंजिन लागल्याचा आवाज ऐकतो आणि चावी सोडतो. खोक्याला कान नाहीत. इंजिन किती वेगानं फिरतंय हे त्याला सांगणारी एक वायर द्यावी लागते, आणि एकदा शिकवावंही लागतं. गाडी चावीनं सुरू करायची, इंजिन आपल्या नेहमीच्या संथ चालीवर आलं की खोक्यावरचं बटण दाबून धरायचं. छोटा दिवा लागला की समजायचं, खोक्याला कळलं, चालू म्हणजे एवढं. इंजिन त्याहून फारच हळू फिरत असेल तर खोकं समजतं की गाडी लागलीच नाही, आणि सगळं बंद करतं.

शिकवायच्या वेळी बाबा ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले. जन्मभर बस चालवलेला माणूस. उतारावर उभ्या प्रवाशाचा कधी तोल जाऊ दिला नाही म्हणून लोक त्यांचं नाव घ्यायचे. स्वतःच्या गाडीत त्या सीटवर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना खपत नाही, त्यात पोटची मुलगीही आली.

"चावी मी फिरवतो," ते म्हणाले. "तू तुझं बघ."

माझं तिकडे पलीकडच्या बाजूला होतं. ग्लव्हबॉक्सच्या खाली डोकं, पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च. बाबांनी चावी फिरवली, इंजिन लागलं, मी बटण दाबलं, दिवा लागला. झालं, असं वाटून मी बाहेर आले. बाबांना उतरवलं, दार लावलं, रिमोट दाबला.

स्टार्टर करकरत राहिला. सुटेना. इंजिन लागलंय हे मला ऐकू येत होतं, अंगणातल्या मांजरालाही ऐकू येत होतं, फक्त त्या खोक्याला नाही. मग कसाबसा सुटला, इंजिन थोडा वेळ चाललं आणि गप्प झालं. खोक्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. शेवटी पार्किंगचे दिवे मिचकावून त्यानं हात वर केले.

आता यात पहिला संशय वायरीवर. मी ती इंजेक्टरवरून, म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या भागावरून घेतली होती. तिथे दोन वायरी असतात. एक नुसता करंट आणणारी, तिला इंजिनाच्या वेगाशी काही देणंघेणं नाही, आणि दुसरी खरी बोलणारी. नवशिके हमखास चुकीची पकडतात. मी नवशिकी नाही, तरी मीटर लावून पाहिलं. बरोबर वायर होती. इंजिनाचा वेग वाढला की आकडा वाढत होता, कमी झाला की उतरत होता. तरीही मी ती काढली आणि प्लगला करंट देणाऱ्या कॉइलवर जोडली. तेच. मग बॉडीला दिलेली अर्थिंग बघितली. गंज होता, घासून काढला. तेच. बॅटरी तपासली. म्हातारी होती पण जिवंत होती.

प्रत्येक वेळी नव्यानं शिकवायचं, म्हणजे बाबा सीटवर आणि मी खाली. एकदा इंजिनाचा आवाज मला जरा चढा वाटला.

"बाबा, पाय देऊ नका हं. इंजिन संथ हवंय."

"पाय कुठे देतोय? पाय खाली आहे."

थंडीत इंजिन सुरुवातीला चढंच असतं, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

ज्या दुकानातून खोकं आणलं होतं तिथे फोन लावला. दुकानदार काहीतरी खात होता. "ताई, ती वायर काढूनच टाका," तो म्हणाला. "बॅटरीच्या व्होल्टेजवर सेट करा. गाडी लागली की व्होल्टेज वाढतं, खोकं ओळखतं."

"या थंडीत, जुन्या बॅटरीवर? एखाद्या सकाळी नाही ओळखलं तर?"

"नाही ओळखलं तर नाही लागणार गाडी."

"हो, आणि माझी आई खिडकीत उभी राहील."

"मग तुमच्याच जोडणीत घोळ असेल," तो म्हणाला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे पान्यांच्या पेटीत टाकला.

वर खिडकीत आई शाल गुंडाळून, जोडीचा दुसरा रिमोट हातात घेऊन उभी होती. काच बंद. तिला हातवारे करून सांगितलं, बटण तू दाब, मी इकडे मीटर धरते. बाबा अजून सीटवरच होते. तिनं दाबलं. स्टार्टर फिरला, सुटला, गाडी लागली. आणि चालू राहिली.

मी तोंडातला टॉर्च काढला. बाबांनी खिडकीतून वर बघून हात हलवला. मग ते उतरले, दार लावलं, चार पावलं चालून माझ्याकडे आले, आणि गाडी बंद पडली.

"बसा पुन्हा," मी म्हटलं.

ते बसले. आईनं दाबलं. गाडी लागली आणि चालू राहिली. उतरले की काही वेळानं बंद.

"बघ," बाबा खूष होऊन म्हणाले. "ती मला ओळखते. तुझ्या खोक्यापेक्षा शहाणी आहे."

वर आई काचेआड हसत होती. मला हसायला सवड नव्हती. गाडी माणूस ओळखत नाही. मग काय ओळखते? सीटखालचा स्विच, दाराचा स्विच. बास, पकडलं, असं म्हणून मी दाराचं कव्हर उघडलं. त्यात एक क्लिप तुटली, माझी दोन बोटं सोलवटली, आणि हाती काय लागलं तर दाराचा स्विच अगदी ठणठणीत. सीटखाली हात घातला तर एक जुनं पेन आणि खोकल्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं. मला त्या गाडीला लाथ घालावीशी वाटली. घातलीही, टायरवर.

"गाडीला मारू नये," बाबा म्हणाले.

दवाखान्याची वेळ जवळ येत चालली होती. माझी पाठ धरली होती, हात गारठले होते. बाबा म्हणाले, "ये, आत बस जरा. हीटर चालू आहे." मी पहिल्यांदाच खाली न शिरता सरळ शेजारच्या सीटवर बसले. इंजिन चालू होतं, एव्हाना चांगलं तापलेलं. मी हातांवर फुंकर मारत समोर बघत होते आणि माझी नजर इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या डायलवर गेली. तापलेल्या इंजिनाचा काटा खाली हवा, हजाराच्याही खाली. तो बराच वर होता.

"बाबा, पाय काढा."

"काढलाय की."

मी वाकून पाहिलं. त्यांचा बूट अ‍ॅक्सिलरेटरवर होता. नुसता टेकलेला नव्हता. टाच थोडी फिरलेली, आणि चवड्याचा भार पेडलवर.

"बाबा, पाय काढा."

"अगं, किती वेळा सांगू? खाली आहे पाय." ते समोर काचेकडेच बघत होते. आवाजात राग होता, आणि तो खरा होता.

"खाली बघा."

त्यांनी मान खाली घातली. बूट बघितला. बघतच राहिले. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्याखाली घातले, पाय उचलला आणि बाजूला मॅटवर ठेवला. काटा खाली आला. इंजिनाचा आवाज एकदम मऊ झाला.

सगळा उलगडा तिथेच झाला. सकाळपासून मी त्या खोक्याला शिकवत होते ते इंजिनाची संथ चाल नव्हे, बाबांच्या पायाखालची चाल. ते बिचारं तीच शोधत होतं. बाबा बसले की सापडायची, उतरले की हरवायची. मी वायरीवर संशय घेतला, गंजावर घेतला, बॅटरीवर, दारावर, त्या दुकानदारावर घेतला. बाबांच्या पायावर घेतला नाही. 'पाय खाली आहे' असं बाबा म्हणाले म्हणजे तो खाली आहे. आमच्या घरात हे मीटरच्या आकड्यापेक्षा पक्कं. दुसऱ्या कुणी गिऱ्हाईकानं असं सांगितलं असतं तर मी पहिल्या मिनिटाला त्याला सीटवरून उठवलं असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडीनं बधिर होतो. चाललं की सुटतो."

"बूट काढा."

"काय लावलंयस तू? दवाखान्याला उशीर होतोय."

मी गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले, खाली बसले आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडली. मोजा काढला. पायाच्या वरच्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग होता, अर्धा भरत आलेला. स्क्रूड्रायव्हरची मूठ मी त्यांच्या अंगठ्यावर टेकवून दाबली. "कळतंय?"

ते वर, आमच्या खिडकीकडे बघत होते. "दाब की, मग सांगतो."

मी दाबतच होते. माझं बोट पांढरं पडलं होतं.

मी हात काढला. त्यांना मोजा घातला, बूट घातला, नाडी बांधली. लहान मुलाला शाळेत पाठवताना बांधावी तशी दुहेरी गाठ मारली. खूप बोलायचं होतं मला. रक्तातली साखर वाढलीय हे माहीत असून डॉक्टरांना पाय दाखवला का नाही, तपासणीला जायचं म्हटलं की दर वेळी नवं कारण कसं सापडतं. पण आधी मी सीटवर बसले, गाडी सुरू केली, इंजिन संथ होऊ दिलं आणि खोक्याला नव्यानं शिकवलं. बाहेर येऊन रिमोट दाबला. स्टार्टर एकदाच फिरला, झटक्यात सुटला, आणि गाडी गुणी मुलीसारखी चालू राहिली. बसवलेलं काम चाललं की मला बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.

"झाली की," बाबा म्हणाले. "दादाला सांगून टाक, गाडी झाली म्हणून."

"बाबा, ब्रेकवरही हाच पाय असतो."

मी चावी माझ्या खिशात ठेवली आणि आईला आणायला वर गेले.

आई तयार होऊन दाराशीच बसली होती. जिना उतरताना ती दर चार पायऱ्यांवर थांबते. पहिल्यांदा थांबली तेव्हाच मी म्हटलं, "आई, ऐक. बाबांच्या उजव्या पायाला काही कळत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मागच्या आठवड्यात चहा सांडला पायावर. उकळता. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली बघितलं." तिनं श्वास घेतला. "मीच मलम लावते. म्हटलं थंडीचं असेल."

"आणि तरी तू त्यांच्या गाडीत बसतेस?"

"शेजारी बसते ना. लक्ष ठेवते. सिग्नल आला की सांगते, ब्रेक. पाय दिसतो मला. त्यांना वाटतं मी घाबरट आहे."

मी कठड्याला धरलं. ही बाई, जिला जिना उतरताना बोलायला पुरत नाही एवढा श्वास, ती भर रस्त्यात नवऱ्याच्या पायावर डोळा ठेवून बसते. "तुला काही अक्कल आहे का गं?" मी आईला असं बोलले. "दोघं मेला असतात. वर आणखी कुणाला घेऊन."

"मग काय करू?" ती म्हणाली. "दादाला सांगू? म्हणजे मी तिकडे आणि हे इकडे. यांना धड भात लावता येत नाही." पुढच्या दोन पायऱ्या ती उतरली आणि पुन्हा थांबली. "मला नाही जायचं त्यांना सोडून."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. उरलेला जिना मी तिचा दंड धरून उतरले.

अंगणात गाडी चालू उभी होती, काचा आतून स्वच्छ झालेल्या. बाबांनी मागचं दार उघडून धरलं होतं. आईला आत बसवलं, शालीचं टोक दारात अडकू नये म्हणून आत सारलं. "ऊब आहे हो चांगली," आई म्हणाली. मग बाबा मागून वळसा घालून पलीकडे गेले. मला वाटलं, आता पुढचं दार उघडतील आणि चावी मागतील. मी खिशातली चावी घट्ट धरली. काय बोलायचं ते मनात जुळवलंही होतं. त्यांनी मागचंच दार उघडलं आणि आईशेजारी जाऊन बसले.

"तू चालव," ते म्हणाले.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. "मी नेत जाईन, बाबा," मी म्हटलं. "दर वेळी येईन. गॅरेज ठेवीन बंद."

"आणि रात्री हिला धाप लागली तर? तू शहराच्या त्या टोकाला."

तेवढ्यात फोन वाजला. दादा. त्याला संध्याकाळपर्यंत कुठला धीर. मी स्पीकर लावला.

"झाली का गाडी?"

"झाली," मी म्हटलं. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते बाहेर काढायची माझी हिंमत होत नव्हती. मागून बाबांचा हात पुढे आला. मी फोन त्यांच्या हातात दिला.

"गाडी चोख झालीय," ते म्हणाले. "ठिणगीनं काम चांगलं केलंय. चालवणारा नाही."

"म्हणजे?"

"माझा पाय गेलाय. कुठे आहे ते मला कळत नाही." त्यांनी घसा खाकरला. "रविवारी येणार होतास ना, ये. पण आम्हा दोघांना घेऊन जा. हिच्याच खोलीत झोपेन मी. वेगळी खोली नको."

आई म्हणाली, "अहो," आणि तिला पुढे बोलता येईना. ते धापेनं की कशानं हे मला आरशात बघूनही कळलं नाही, कारण मलाच नीट दिसत नव्हतं. आता इथून निघावं, एवढंच सुचलं. गाडी आधीच चालू आहे हे विसरून मी चावी लावली आणि पार पुढे फिरवली. चालत्या इंजिनावर स्टार्टर जोरात करकरला.

"सावकाश," बाबा मागून म्हणाले.